वीस मिनिटांची ‘वाट’

थायलंडला मराठी गट घेऊन जाणाऱ्या सहल आयोजकांना आणि टूर मॅनेजरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

‘‘मंडळी, आता आपण आलोय वाट चेदी लुआंगला. जुनं देऊळ आहे, भूकंपात पडलेलं. वीस मिनिटं देतो. वॉशरूम उजव्या हाताला, फोटो समोरून चांगला येतो. सव्वाअकराला बस सुटणार म्हणजे सुटणार.’’

गेल्या हिवाळ्यात उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईत आमच्या बसच्या माइकवरून ऐकलेले हे शब्द. बस कोणत्या कंपनीची होती ते सांगणार नाही, कारण पत्र एका कंपनीवर रागावून लिहिलेले नाही. परत आल्यावर मी निरनिराळ्या कंपन्यांबरोबर जाऊन आलेल्या चार-पाच ओळखीच्यांना विचारले. कुणाला वीस मिनिटे मिळाली होती, कुणाला पंचवीस. एका जोडप्याला तर ते बसच्या काचेतूनच दाखवले होते, ‘‘डावीकडे बघा, डावीकडे बघा’’ असे म्हणत. तेव्हा हे पत्र तुम्हां सगळ्यांना.

थाई भाषेत मठाच्या आवाराला ‘वाट’ म्हणतात. त्यावरून आमच्या टूर मॅनेजरने सकाळी नाश्त्यालाच विनोद केला होता : ‘‘आज आपल्याला तीन वाटा लावायच्यात.’’ सगळे हसले, मीही हसले. मुलगा गुणी होता. कुणाची गोळी राहिली, कुणाचा चष्मा हरवला, सगळे धावून करत होता. त्याला चिआंग माईबद्दल कुणी काही सांगितलेच नसेल तर तो तरी गटाला काय सांगणार? म्हणून त्याला नाही, त्याला पाठवणाऱ्यांना लिहिते आहे.

पहिली गोष्ट, त्या दिवशी आम्ही एका तटबंदीच्या शहरात शिरलो हे बसमधल्या एकालाही कळले नाही. एसी चालू, पडदे ओढलेले, मागे गाण्याच्या भेंड्या. खंदकावरून बस केव्हा आत आली कुणाच्या लक्षात आले नाही. मंगराय राजाने १२९६ साली हे शहर वसवले. जागा निवडताना सुखोथाई आणि फायाओ इथल्या दोन मित्रराजांना त्याने सल्ल्याला बोलावले होते. त्या तिघांचे पुतळे शहराच्या मध्यावर उभे आहेत. चिआंग माई म्हणजे नवे शहर. सात शतके उलटली तरी नाव नवेच. जुने शहर म्हणजे साधारण दीड किलोमीटर बाजूचा एक चौकोन. चहूबाजूंनी पाण्याने भरलेला खंदक, त्याच्या आत विटांचा तट, तटाला पाच दरवाजे. तटाचा बराचसा भाग विसाव्या शतकात पाडला गेला. तरी चार कोपऱ्यांचे बुरूज अजून आहेत, विटा ढासळलेले, वर झुडपे उगवलेले. पूर्वेचा था फे दरवाजा आज दिसतो तो १९८० च्या दशकात पुन्हा बांधलेला. उत्तरेचा चांग फुआक म्हणजे पांढऱ्या हत्तीचा दरवाजा, पश्चिमेचा सुआन दोक म्हणजे फुलबागेचा. दक्षिणेला दोन दरवाजे आहेत, त्यांतल्या सुआन प्रुंगमधून पूर्वी गावातली प्रेते दहनासाठी बाहेर नेत. गावातल्या माणसांना कोण कुठल्या दरवाजाने आत येतो आणि कुठल्या दरवाजाने जातो हे ठाऊक होते. आम्ही कुठून आलो आणि कुठून गेलो हे आमच्यापैकी कुणालाही सांगता आले नसते.

तटाचा आणि मंदिराचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. आहे. १५५८ साली ब्रह्मी फौजांनी हे शहर जिंकले आणि दोनशेहून अधिक वर्षे ते त्यांच्या ताब्यात राहिले. ते गेले तेव्हा लढायांनी शहर इतके खिळखिळे झाले होते की १७७६ पासून वीस वर्षे ते ओसाड पडले. १७९६ साली कावीला राजाने माणसे आणून ते पुन्हा वसवले, तट पुन्हा उभारले. शहर पुन्हा शहर झाल्याची खूण म्हणून नगरस्तंभ त्याने ज्या आवारात आणून बसवला, तेच हे वाट चेदी लुआंग. म्हणजे तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘ओल्ड टेम्पल, फोटो स्टॉप’ असे जे छापलेले असते, ती त्या शहराची बेंबी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमात रत्नांच्या शोरूमची भेट होती. मी आणि आमच्या गटातल्या एक मावशी, दोघींनी डोके दुखते असे सांगून ती चुकवली. (मावशींचे डोके खरेच दुखत होते. माझे नव्हते.) हॉटेलबाहेर लाल सोंगथाओ पकडली. टेम्पोसारखी गाडी, मागे समोरासमोर दोन बाकडी. था फे दरवाजाशी उतरलो आणि तिथून रमतगमत चालत गेलो. मावशींच्या गुडघ्यांसकट पाऊण तास लागला, तोही वाटेत वाट फान ताओला थांबलो म्हणून. चेदी लुआंगला लागूनच असलेले हे लहानसे सागवानी मंदिर मुळात एकोणिसाव्या शतकातल्या राजाच्या महालाचा दिवाणखाना होता. दारावर कोरलेला मोर आहे आणि मोराच्या पायाशी एक कुत्रा निवांत बसला आहे. राजाचा जन्म कुत्र्याच्या वर्षातला, म्हणून. मावशी म्हणाल्या, ‘‘आमच्या वाड्याच्या दारावर एवढं चांगलं काही नव्हतं, पण कुत्रं होतं, जिवंत.’’ इथेही आमची बस थांबली नव्हती, कारण त्याच्या समोर पार्किंग नाही.

आणि मग चेदी लुआंग. नावाचा अर्थ मोठा स्तूप, एवढाच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सेन मुआंग मा राजाने वडिलांच्या अस्थी ठेवण्यासाठी तो बांधायला घेतला. पंधराव्या शतकाच्या मध्याला तिलोकराज राजाच्या काळात तो पुरा झाला तेव्हा त्याची उंची ८० मीटरच्या घरात होती. सगळ्या विटा. आजच्या हिशेबाने पंचवीस मजली इमारत, त्या काळातल्या बसक्या लाकडी घरांच्या मधोमध. १५४५ साली भूकंप झाला आणि वरचा सगळा भाग खाली आला. राहिला तो हा रुंद, दणकट, वरून मोडलेला डोंगर. चारी बाजूंना देवड्या, जिन्यांच्या कडेने नाग, आणि वरच्या टप्प्यावर भिंतीतून निम्मे बाहेर आलेले हत्ती.

दक्षिण बाजूचे हत्ती मावशींनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘तो शेवटचा बघा, त्याला ना कान ना सोंड.’’ तोच खरा. जुन्या विटांचा मूळचा हत्ती तो, बाकीचे १९९० च्या दशकात डागडुजी झाली तेव्हा सिमेंटने पुरे केलेले. युनेस्को आणि जपान सरकारच्या मदतीने ते काम झाले आणि त्यावरून तेव्हा बरीच वादावादीही झाली. काहींना ते नवे हत्ती आणि नवे नाग फार गुळगुळीत वाटले. मलाही वाटतात. पण एका गोष्टीसाठी त्या लोकांना हात जोडावेसे वाटतात, त्यांनी कळस बांधला नाही. तो नेमका कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नाही बांधला. माहीत नाही तर बांधायचे नाही, इतके साधे. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या दगडी देवळांना ऑइल पेंट फासलेला पाहिलेल्या माणसाला याचे मोल कळते. तुमचा टूर मॅनेजर ‘पडलेलं देऊळ’ म्हणतो तेव्हा ही अर्धी हकिगत गळून जाते. पडले ते भूकंपाने, पण पडलेले ठेवले ते माणसांनी, विचार करून.

आता तुमच्या धंद्याच्या भाषेत बोलते. बँकॉकला तुम्ही प्रत्येक गटाला वाट फ्रा केओला नेता. तिथला पाचूचा बुद्ध तुमच्या जाहिरातीत पहिल्या पानावर असतो. नाव पाचूचे, मूर्ती मात्र दुसऱ्याच हिरव्या दगडाची. थाई नावात ‘मोरकोत’ येते, म्हणजे आपला मरकत. आमच्या गटाने त्या मूर्तीसमोर भर उन्हात रांगेत तास काढला. ती मूर्ती १४६८ सालापासून ऐंशीहून अधिक वर्षे चेदी लुआंगच्या पूर्वेकडच्या देवडीत होती! पुढे लाओसच्या राजाने ती लुआंग प्रबांगला नेली, तिथून व्हिएन्तिआनला गेली आणि अठराव्या शतकात सयामी फौजेने ती परत आणली. त्याच देवडीत १९९५ पासून काळ्या जेडची प्रतिकृती बसवली आहे. खाली उभे राहून मान वर केली की दिसते. बँकॉकला तासभर रांगेत उभी राहिलेली चाळीस माणसे दोन दिवसांनी तिच्या जुन्या घरासमोर उभी होती, आणि एकालाही हे कुणी सांगितले नाही. दोन वाक्ये लागली असती. ती ऐकून निदान दहा माणसांनी मान वर केली असती.

आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत थांबलो. मोठ्या विहारात सोनेरी उभा बुद्ध आहे, दोन्ही बाजूंना त्याचे पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान. पाच-सहा भिक्खू आणि बरेचसे सामणेर येऊन बसले. सामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू, बारा-चौदा वर्षांची पोरे, काहींचे लक्ष बाहेरच्या मांजराकडे. घंटा झाली आणि पठण सुरू झाले. थाई गळ्यातून येणारे उच्चार सुरुवातीला मला कळेनात. ‘नमो तस्स फखवतो...’

शेजारी मावशींचे ओठ हलायला लागले होते.

मावशी विदर्भातल्या. त्यांच्या घरात बुद्धवंदना रोजची. थाई माणूस ‘भ’चा ‘फ’ करतो, ‘ग’चा ‘ख’ करतो, ‘सरणं’चे ‘सरणंग’ करतो. ‘फुत्थंग सरणंग खत्छामि’ असे कानावर आले तर आपण दचकू. मावशी दचकल्या नाहीत. दुसऱ्या ओळीला त्यांनी सूर पकडला आणि मग पाठ सोडलाच नाही. त्या त्यांच्या उच्चारात, ते त्यांच्या. पंचशील आले तेव्हा तर मावशी अर्धा शब्द पुढेच होत्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या थाई बाईने वळून पाहिले, आणि मग सरकून त्यांना आपल्या शेजारी जागा दिली. शेवटी तिकडची माणसे म्हणाली ‘साथु, साथु, साथु’, आणि मावशी म्हणाल्या ‘साधु, साधु, साधु’.

बाहेर पायऱ्यांवर सँडल घालताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘काल वीस मिनिटांत मला वाटलं, परक्यांचं देऊळ आहे.’’

आयोजकहो, एवढ्यासाठी हे पत्र. मराठी माणूस चिआंग माईला जातो तेव्हा त्याच्या कानात अर्धी किल्ली आधीच असते. तुम्ही ती वापरू देत नाही, कारण तुमची सगळी माहिती इंग्रजी पत्रकावरून उचललेली. त्यात ‘चेदी’ असते. ते चेतिय, आपला चैत्य, हे नसते. ‘विहान’ म्हणजे विहार. भिक्खूंचे विधी होतात ते दालन ‘उबोसोत’, म्हणजे उपोसथ. पहाटे भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात त्याला ते ‘बिंथाबात’ म्हणतात, तो पिंडपात. दान दिले की ‘बुन’ मिळते, ते पुण्य. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत भिक्खू एकाच मठात राहतात, तो त्यांचा ‘फान्सा’ आणि आपला वर्षावास. मोठ्या सणांची नावे माघ, वैशाख आणि आषाढ या महिन्यांवरून : माखा बूचा, विसाखा बूचा, आसान्हा बूचा. बूचा म्हणजे पूजा, हे सांगायला नकोच. एप्रिलात तुम्ही ज्या पाण्याच्या सणाची खास सहल काढता तो सोंगक्रान म्हणजे संक्रांतच, फक्त मकरेची नाही, मेषेची. आमच्या गटातल्या कुणीतरी विचारले होते की ही होळी का? ‘‘हो, त्यांची होळी,’’ असे उत्तर मिळाले.

मोठ्या विहारातल्या त्या उभ्या बुद्धाचे नाव फ्रा अत्थारोत. मी ते पाटीवर तीनदा वाचले आणि मग उमगले : पालीतले अट्ठारस. अठरा! मूर्ती अठरा हात उंच, म्हणून अठरा. एवढ्या गंभीर मूर्तीला इतके हिशेबी नाव ठेवणाऱ्या माणसांशी माझे लगेच जमले. आपणही विठोबाला अठ्ठावीस युगे विटेवर मोजूनच उभे केले आहे.

नगरस्तंभाचे नाव इंथाखिन. पालीत इंदखील, म्हणजे नगराच्या वेशीशी घट्ट रोवलेला खांब. त्यातला ‘खील’ म्हणजे आपली खीळ. शहर जागेवरून हलू नये म्हणून ठोकलेली खीळ. तिकडच्या दंतकथेत हा खांब इंद्राने लवा या तिथल्या मूळच्या लोकांना दिला, म्हणजे मंगराय राजाच्या कितीतरी आधी. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची जत्रा भरते. सगळे शहर फुले घेऊन येते आणि तबकांच्या लांबच लांब रांगांत एकेक फूल ठेवत जाते.

इथे मला थोडे कडू बोलायचे आहे. खांब एका छोट्या मंडपात आहे आणि मंडपाच्या दाराशी फलक आहे की स्त्रियांना आत प्रवेश नाही. कारणही दिलेले आहे, मासिक पाळीचे. बस घेऊन आलो तेव्हा आमच्या गटातले पुरुष आत गेले, बायका बाहेर फलक वाचत उभ्या राहिल्या. एकीने टूर मॅनेजरला विचारले. तो गोंधळला. त्याला ठाऊकच नव्हते, त्याने हसून वेळ मारून नेली. मला आत न जाता आल्याचे दुःख नाही. आपल्याकडच्या चौथऱ्यांवरची भांडणे आपण पाहिली आहेत, तेव्हा परक्या गावात जाऊन नाक मुरडण्याचा अधिकार मी सांगत नाही. तिथल्या बायकांनाही हे सगळे निमूट मान्य आहे असे नाही. स्त्रियांना दीक्षा देऊ नये असा हुकूम थाई संघराजांनी, म्हणजे भिक्खुसंघाच्या प्रमुखांनी, १९२८ साली काढला, तरी श्रीलंकेत जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या थाई भिक्खुणी आज आहेत. तो वाद त्यांचा आहे आणि त्या तो घालताहेत. माझे भांडण तुमच्याशी आहे, ते एवढेच की बायकोला-आईला पैसे भरून हजारो मैलांची जा-ये करायला लावता तर दारात पोचण्याआधी बसमध्ये सांगा. ‘‘इथे बायकांना आत सोडत नाहीत, ही स्थानिक रूढी आहे, ज्यांना बाहेर थांबायचं नसेल त्यांच्यासाठी समोर मोठा स्तूप आहे.’’ संपले. फलक वाचून कळणे आणि आपल्या माणसाकडून कळणे यात फरक असतो. मावशी त्या मंडपाबाहेर मोठ्याने म्हणाल्या होत्या, ‘‘खीळ आहे ना ही? मग बाहेरूनच ठोकतात.’’

कपड्यांचेही तसेच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत हे तुम्ही सांगता, पण कधी? बस थांबल्यावर. मग बर्मुडा घातलेले काका दारात लुंग्या भाड्याने घेतात आणि वीसपैकी सहा मिनिटे तिथे जातात. पाय बुद्धमूर्तीकडे पसरून बसायचे नाही, बाईने भिक्खूच्या हातात थेट काही द्यायचे नाही, मूर्तीच्या चौथऱ्यावर चढून फोटो नाही, हे आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर सांगून होते. रविवारी संध्याकाळी था फेपासून आत रस्त्यावर बाजार भरतो, तिथे तुम्ही आवर्जून नेता. सहा वाजता राष्ट्रगीत लागते आणि सगळा बाजार जागच्या जागी थांबतो. विक्रेते, गिऱ्हाईक, हातात कणीस धरलेले मूल, सगळे. आमच्यातल्या तिघी तेव्हा पर्सच्या भावावरून घासाघीस करत होत्या आणि समोरची मुलगी गप्प का झाली म्हणून आवाज चढवत होत्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांना कुणी सांगितले नव्हते.

चेदी लुआंगच्या आवारात झाडांखाली टेबले मांडलेली असतात. तिथे तरुण भिक्खू पर्यटकांशी गप्पा मारायला बसतात. त्यांना इंग्रजीचा सराव हवा असतो, आपल्याला उत्तरे. फुकट. आमच्या बसमधून उतरलेल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथे बसलो. मुलगा विशीतला असेल. त्याने विचारले, भारतात आता बौद्ध आहेत का? मी वाक्य जुळवत होते तोवर मावशींनी सुरुवात केलीसुद्धा. इंग्रजी शब्द पंधरा, बाकी मराठी, आणि हातवारे. नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेब, लाखो माणसे, पांढरी वस्त्रे. ‘व्हाइट, ऑल व्हाइट.’ तो वहीत लिहून घेत होता. ‘नागपूर’चे स्पेलिंग त्याने दोनदा विचारले. मग त्याने सांगितले की चिआंग माईत तटाबाहेर वाट चेत योत म्हणून मंदिर आहे, तिलोकराजाने बुद्धगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवर बांधलेले. १४७७ साली तिथे त्रिपिटक हे बौद्ध धर्मग्रंथ तपासण्यासाठी मोठी संगीती, म्हणजे भिक्खूंची परिषद, भरली होती. मावशींना ते लगेच बघायचे होते. पण सहा वाजता हॉटेलात हजर राहायचे होते, कारण ‘इंडियन डिनर’. तिकडे पुऱ्या थंड होतात म्हणे.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असे नाही. भाव पाडून धंदा चालतो. शोरूमवाले कमिशन देतात, मठ देत नाही. गटात ऐंशीचे आजोबा असतात आणि आठ वर्षांची नात असते. पण दोई सुथेपच्या डोंगरावर तीनशेहून अधिक पायऱ्या तुम्ही याच आजोबांना चढायला लावता, किंवा लिफ्टच्या रांगेत उभे करता. जुने शहर सपाट आहे. दर शंभर पावलांवर मठाचे आवार, सावली, बाकडे. म्हाताऱ्या माणसांसाठी यासारखी दुसरी जागा साऱ्या सहलीत नव्हती.

मागते ते फार नाही. रत्नांच्या शोरूमचा वेळ या बाजूला वळवा. बस था फेशी उभी करा आणि माणसांना दरवाजातून पायी आत येऊ द्या. ऊन कलल्यावर या. फान ताओचा मोर दाखवा, मग चेदी लुआंग, तिथे पूर्वेच्या देवडीखाली दोन मिनिटे बोला. ज्यांना हौस आहे त्यांना पुढे वाट फ्रा सिंगपर्यंत जाऊ द्या, लाइ खाम विहारातली जुनी भित्तिचित्रे बघायला. ज्यांना नाही त्यांना झाडाखाली बसू द्या. पठण सुरू झाले की गटाला आत बसवा आणि तुम्ही स्वतःही बसा, फोन बंद करून. टूर मॅनेजर मुलांना पाठवण्याआधी पाली नको, इतिहासाची पदवी नको, वर लिहिलेल्या दहा-बारा शब्दांचा एक कागद हातात द्या. कागद मी लिहून देते, पैसे नकोत. आणि फेब्रुवारी ते एप्रिलमधली उत्तर थायलंडची स्वस्त पॅकेजे विकताना हेही सांगत जा की त्या दिवसांत जंगले आणि शेते जाळल्याचा धूर शहरावर साचतो. दम्याच्या माणसाने तेव्हा जाऊ नये.

माझी धाकटी बहीण येत्या जानेवारीत जाते आहे, तुमच्यापैकीच एकाबरोबर, पैसे भरून झालेत. तिला मी कान-सोंड नसलेला हत्ती कुठल्या बाजूला आहे ते सांगितले आहे. लांब बाह्यांचे दोन कुडते भरायला लावले आहेत. शोरूमच्या दिवशी तिचे डोके दुखणार आहे, हेही आत्ताच सांगून ठेवते.

आपली,
वीस मिनिटे मिळालेली एक प्रवासी